उभी पट्टी धरून कुसू कापताना तुकडा उडाला

उदगीरकर:
नमस्कार मंडळी. घरचं माळवद उतरवलं, त्यातल्या सागवानी तुळयांच्या खिडकीच्या 4 झडपा करायलोय. आडव्या पट्ट्या 18 इंची, जाडी दीड इंच. कुसू, म्हणजे दुसऱ्या पट्टीच्या भोकात बसणारं टोक, अर्धा इंच जाड, 2 इंच लांब. टेबल सॉ (टेबलातून गोल पातं वर आलेली करवत) 10 इंची. खांदे (कुसूच्या बुडाशी आडवे काप) नीट पडले. मग पट्टी हातानं उभी धरली, फेन्सला (पात्याला समांतर आधाराच्या पट्टीला) टेकवली आणि गाल (कुसूच्या बाजूचा जादा भाग) कापायला घेतला. कापून सुटलेला तुकडा सणकन येऊन बरगडीत बसला. काळंनिळं झालंय. पातं धारदार आहे. चुकलं कुठं?

बदनापूरकर:
काळजी घ्या दादा. जाड हातमोजे घालत जा.

जुनी पटाशी, अंबाजोगाई:
हातमोजे अजिबात नकोत. दात धागा पकडतो अन् हातच आत ओढतो. बाह्या दुमडा, गळ्यातला रुमाल काढून ठेवा.

उदगीरकर भाऊ, सुटणारा तुकडा फेन्स आणि पात्याच्या मधी होता ना? चूक तीच. पात्याचे मागचे दात खालून वर येतात. अडकलेला तुकडा ते उचलून थेट तुमच्याकडं फेकतात. सुटणारा भाग कायम पात्याच्या बाहेरच्या अंगाला पाहिजे, म्हणजे तो तिथंच पडतो.

18 मिमी प्लायचा जिग (काम पक्कं धरून सरकवायचा साचा) करा. फेन्सवर खोगीरासारखा बसून सरकला पाहिजे, पण डुलायला नको. त्याला काटकोनात एक उभी पट्टी ठोका, गुण्या लावून तपासा. कामाची पट्टी तिला टेकवून क्लॅम्पनं आवळा. जिगच्या तोंडापासून पात्याच्या आतल्या बाजूपर्यंत 1 इंच ठेवा. एक गाल कापला की पट्टी फिरवून दुसरा. कुसू आपोआप मधोमध येतं. दोन्ही हात जिगवर मागं, आणि स्वतः पात्याच्या रेषेतून बाजूला उभं राहायचं.

पुढं चौकट करणार असाल तर 7 फुटी खांब असा उभा धरू नका, तोल जातो. मी त्याला हातकरवतच लावतो.

अजून एक. माळवदाच्या लाकडात खिळे मोडून आत राहिलेले असतात. वरून सागवान गुळगुळीत दिसतं, पण जिथं काळा डाग तिथं लोखंड समजा. आधी चुंबक फिरवा.

परभणीचा फिटर:
मशीनला स्टार्टर आहे का नुसतं बटण? लाइट गेली अन् बटण चालूच राहिलं, तर लाइट आल्यावर पातं आपसूक फिरतं. तुमचा हात तेव्हा कुठं असंल सांगता येत नाही. डीओएल (मोटार थेट लाइनवर जोडणारा) स्टार्टर बसवा, परत बटण दाबल्याशिवाय मोटार उठत नाही.

उदगीरकर:
काका, तुकडा मधीच होता. आज जिग केला. आधी बाभळीच्या तुकड्यावर कापून बघितलं, सुटलेला गाल बाहेरच्या अंगाला गपकन पडला, हलला पण नाही. चुंबकानं एका पट्टीत दोन खिळे सापडले, दोन्ही नेमके कुसूच्या जागी. ती पट्टी बदलली. 16 पैकी 6 कुसू झालीत. नुसतंच बटण होतं, उद्या स्टार्टर आणायलोय. तोवर मशीन बंद.