ब्लीचिंगचा वास आला की हात थरथरतात, कुठं दाखवू?

रात्रपाळी_पायलट: ॲम्ब्युलन्स चालवतो, सहा वर्षं झाली. हायवेवर काय काय उचललं ते इथं सांगत बसत नाही. दोन महिन्यांपूर्वी एका केसनंतर गाडी मीच धुतली, हायपो (जंतू मारायचं औषध) टाकून, दोनदा. स्ट्रेचरखाली लेकराची एक चप्पल सापडली. निळी, वेलक्रोवाली. द्यायची कोणाला?
रविवारी बायकोनं टाकी धुवायला ब्लीचिंग पावडर आणली. वास आला अन् मी जिन्यातच बसलो. घामाघूम, छाती धडधड. रात्री झोप नाही. पागलखान्यात गेलो अन् ठेकेदाराला कळलं तर ड्युटी जाईल नं?

तर्रीपोहा: भाऊ, एक क्वार्टर मार, मस्त झोप लागते.

जुना_फायरमन: क्वार्टरवाल्यानं गप बसावं. मी तेच केलं बारा वर्षं. झोप लागते, पहाटे तीनला उघडते, अन् मग सारी घरं पुन्हा जळतात. १४४१६ लाव राजा. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. नोकरीवाल्यांना कळायचं कारणच नाही.

मेडिकलची_सिस्टर: हायपो अन् ब्लीचिंग, दोन्हींत क्लोरीनचाच वास. तुमच्या अंगानं तो ओळखला, वेड नाही लागलं. महिन्याच्या वर असं राहिलं तर डॉक्टर पीटीएसडी, म्हणजे धक्क्यानंतर मागं राहिलेला मनाचा आजार, आहे का ते तपासतात. बोलण्याच्या उपचारांनी फरक पडतो, दरवेळी गोळ्याच लागतात असं नाही. पागलखानाच कशाला, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात चिठ्ठी काढून मानसोपचार ओपीडीत या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नं माहिती गुप्त ठेवावीच लागते.
एक सरळ विचारते. मरावंसं वाटतं का?

रात्रपाळी_पायलट: तसं नाही ताई. पण परवा समोर ट्रक होता अन् पाय ब्रेकवर लवकर गेलाच नाही. मुद्दाम की झोपेनं, मलाच सांगता येत नाही.

मेडिकलची_सिस्टर: मग आज स्टेअरिंगला हात लावू नका. ताप आहे म्हणा, काहीही म्हणा. वहिनींना हे वाचून दाखवा अन् दोघं आत्ताच कॅज्युअल्टीत या. ओपीडीची वाट पाहू नका.

जुना_फायरमन: गाडी नसेल तर मी येतो घ्यायला. मानेवाड्यात आहे.

रात्रपाळी_पायलट: जाऊन आलो. फायरमन भाऊच घेऊन गेले, बायको सोबत होती. आठ दिवस रजा, मंगळवारी परत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, चप्पल आता कुठं आहे? कपाटात, माझ्या खाकी शर्टाखाली. बायकोलाही तेव्हाच कळलं.