पिझिका आणि तारांतेला एकच का? दक्षिण इटलीचं लोकसंगीत ऐकायला कुठून सुरुवात करू?

सूरवेडी:
गेले दोन आठवडे वेड लागल्यासारखं झालंय. दक्षिण इटलीतल्या मेल्पिन्यानो गावात ऑगस्टमध्ये होणाऱ्या त्या प्रचंड कॉन्सर्टचा एक व्हिडिओ समोर आला, स्टेजवर मोठा ऑर्केस्ट्रा आणि पुढे खंजिरीसारखं वाद्य घेतलेले सात-आठ जण, आणि तो ताल सुरू झाला की मला जागेवर बसवेना. आता प्रश्न असा की कुणी त्याला पिझिका म्हणतं, कुणी तारांतेला, कुणी ताम्मुर्रियाता. हे सगळं एकच आहे का? आणि ते कोळी चावण्याचं काय प्रकरण आहे? नीट ऐकायचं तर कुणापासून सुरू करू?

तालवेडा:
आधी उच्चार, झ नाही, पित्सिका. आणि एकच अजिबात नाही. तारांतेला हे ढोबळ नाव आहे, अख्ख्या दक्षिणेत त्याचे प्रकार सापडतात. पित्सिका ही सालेंतोची, म्हणजे इटलीच्या बुटाची टाच. तिथे ताम्बुरेल्लो, म्हणजे तू पाहिलीस ती खंजिरी, वाजतो, तीन-तीनच्या गटात धावणारा. ताम्मुर्रियाता काम्पानियाची, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या आजूबाजूच्या गावांची, तिचं वाद्य ताम्मोर्रा, तेही खंजिरीसारखंच पण आकाराने मोठं, आवाज खोल, आणि चाल दोनाची, जमिनीवर पाय रोवून चालल्यासारखी. दोन्ही पाठोपाठ ऐक, पाच मिनिटांत फरक कळेल. कालाब्रियात गेलीस की पुन्हा वेगळंच जग, तिथे त्साम्पोन्या म्हणजे पखालीसारखी पिशवी लावलेली पावरी, लिरा हे गजाने वाजवायचं छोटं तंतुवाद्य, आणि चितार्रा बात्तेन्ते नावाची तारेची गिटार जी छेडण्यापेक्षा झोडपून वाजवतात.

जुनीटेप:
कोळ्याचं मी सांगते कारण माझा या सगळ्यातला प्रवेशच तिथून झाला. सालेंतोत, बहुतेक शेतात राबणाऱ्या गरीब बायकांना, उन्हाळ्यात तारांता, म्हणजे तो कोळी, चावली असं मानायचे. बाई खचायची, जमिनीवर लोळायची, मग घरी वादक बोलवायचे आणि व्हायोलिन, ताम्बुरेल्लो, ऑर्गानेत्तो (छोटा अ‍ॅकॉर्डियन) असं वाजवत राहायचे, कधी कधी दिवसचे दिवस, ती नाचून नाचून मोकळी होईपर्यंत. मग २९ जूनला गालातीनाच्या सेंट पॉलच्या चॅपलमध्ये जायचं. १९५९ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ एर्नेस्तो दे मार्तिनो टीम घेऊन तिथे गेले, सोबत मानसोपचारतज्ज्ञ होते आणि संगीताचा अभ्यासक दिएगो कार्पितेल्लाही. त्यांच्या लक्षात आलं की खरा दंश जवळपास नसायचाच, त्रास ठरावीक दिवसांत दरवर्षी परत यायचा, आणि त्याच्या मागे मन मारून जगलेलं आयुष्य असायचं. नको असलेलं लग्न, मनातलं कुणी दुरावलेलं, असं.

म्हणून माझं मत, सुरुवात लुइजी स्तिफानीपासून कर. नार्दो गावचा न्हावी, जन्म १९१४ चा, २००० मध्ये गेला. दुकान चालवायचा आणि अशा बायकांसाठी व्हायोलिन वाजवायचा, कोणाला काय वाजवलं त्याच्या नोंदीही ठेवायचा. त्याचं व्हायोलिन ऐकताना लक्षात ठेव की हा माणूस टाळ्यांसाठी वाजवत नाहीये, समोर एक बाई जमिनीवर पडलीये आणि तिला उठवायचंय. मेल्पिन्यानोच्या स्टेजवर ते मिळणार नाही.

तालवेडा:
शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. तो फेस्टिवल १९९८ ला सुरू झाला, संगीताची सूत्रं वेळोवेळी वेगवेगळ्या माणसांकडे, २००३ ला ‘द पोलीस’ या रॉक बँडचा ड्रमर स्टुअर्ट कोपलंड, २०१० ला पियानोवादक-संगीतकार लुदोविको एइनाउदी. बदललं, मान्य. पण ज्या घरात अशी बाई होती त्या घराला त्याची लाज वाटायची गं, पोरं या सुरांपासून पळायची, आणि आज त्याच भागातली पोरं अभिमानाने ताम्बुरेल्लो शिकतात आणि ग्रिकोमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या ग्रीक बोलीत, गातात. कांत्सोनियेरे ग्रेकानिको सालेंतिनो हा ग्रुप तर १९७५ पासून आहे, फेस्टिवलच्या खूप आधीपासून.

जुनीटेप:
लाजेचं बरोबर आहे, ते मी विसरून बोलले. तरी स्टेज आधी आणि मूळ नंतर असं नको एवढंच. लोकसंगीत गोळा करणारा अमेरिकन अॅलन लोमॅक्स आणि कार्पितेल्लाने १९५४-५५ मध्ये गावोगाव फिरून केलेली रेकॉर्डिंग्ज आहेत, ती ऐकच, आवाज खरखरीत आहेत, गळा ताणून गातात, पहिल्यांदा कानाला टोचतं आणि मग दुसरं काही गोड लागत नाही.

वाटसरू:
मी एकदा सालेंतोतल्या तोर्रेपादुली गावात होतो, सान रोक्को या संताच्या उत्सवाची रात्र, १५ ऑगस्टची, उजाडेपर्यंत चालतं. स्टेजबिज काही लागत नाही, लोक गोल करतात त्याला रोंदा म्हणतात, कडेने ताम्बुरेल्लो आणि मधे दोघं दोघं उतरतात. माझ्या शेजारचा म्हातारा तासभर एकाच लयीत वाजवत होता, हात थांबवला तेव्हा बोटांवर रक्त होतं, पुसलं आणि परत सुरू. तेव्हापासून मी शिकतोय.

सूरवेडी:
रविवारी दुपारभर स्तिफानी ऐकला. तोच छोटा तुकडा परत परत येतो, आधी कंटाळा आला, मग कधी आत ओढले गेले कळलंच नाही. @वाटसरू, मीही ताम्बुरेल्लो मागवलाय पण दोन मिनिटांत डावं मनगट भरून येतं, वाद्य जड आहे की माझं चुकतंय?

वाटसरू:
घट्ट पकडतेयस. डाव्या हाताने नुसतं धरायचं नाही, वाद्यालाही थोडं हलू द्यायचं, आणि उजवा हात आपटायचा नाही, मनगटातून फिरवायचा. महिनाभर एकदम हळू वाजव, तीनही ठोके वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. वेग नंतर बघू.