प्रतिसाद: बाग आणि एसी बघून ठरवू नका

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) असलेल्या आईंना ठेवायला तुम्ही सांगलीतलं एक देखभाल केंद्र बघितलंत, नि त्याची बाग, एसी खोल्या, महिन्याचा खर्च पोस्टमध्ये लिहिलाय. त्यावरून फारसं कळत नाही हो. दिवस मावळताना, न कळवता जा. स्मृतिभ्रंशात बऱ्याच जणांची घालमेल तेव्हाच वाढते, "मला घरी सोडा" सुरू होतं. तिथल्या सांभाळणाऱ्या मावशी हाताला धरून व्हरांड्यात दोन फेऱ्या मारतात, की दटावून कॉटवर बसवतात? आणि सगळेच पेंगत असतील तर गोळ्यांचं विचारा: कुणी लिहून दिल्या, डोस पुन्हा कधी तपासला. अँटिसायकोटिक (गंभीर मनोविकारांवरच्या) औषधांनी डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचाही धोका वाढतो. घरच्यांना न विचारता ती सुरू करणारं ठिकाण मी तरी बाद करीन.

रात्रपाळीला किती जण, ते तोंडी ऐकू नका, हजेरीपत्रक मागा. मिरजेत दवाखाने भरपूर, पण रात्री दोनला गाडी कोण काढणार?

शिवाय २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी केंद्राच्या गल्लीत आलं होतं का? अंथरुणाला खिळलेले तळमजल्यावर असतील तर त्यांना कुठं नि कसं हलवणार, हे मॅनेजरला स्पष्ट विचारा. जेवणाचं म्हणाल, तर एकदा त्यांच्याच पंगतीला बसा.