चौथ्या बोअरच्या ठरावाआधी पाण्याचा हिशेब

सचिव (अ-२०३)
सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारच्या सर्वसाधारण सभेपुढे चौथी बोअर घेण्याचा ठराव येणार आहे. जुन्या दोन बोअर आटल्या आहेत, तिसरी जेमतेम अर्धा तास चालते आणि नळाचे पाणी काही दिवसांआड येत असल्याने टँकरचा खर्च वाढतच चालला आहे. ज्यांना काही म्हणणे मांडायचे असेल त्यांनी कृपया ते येथेच लिहावे, म्हणजे सभेत वेळ वाचेल.

ब-३०४
सचिव साहेब, माझा या ठरावाला आज तरी विरोध आहे, आणि त्याची कारणे मी सविस्तर लिहितो. मी भूगर्भशास्त्र शिकवतो, म्हणून सुरुवात जमिनीपासूनच करतो. लातूरच्या खाली काळ्या पाषाणाचे एकावर एक थर आहेत. या खडकात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या, मुरमाड भागात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यांत साठते. मधला अखंड पाषाण जवळजवळ पाणीच धरत नाही. त्यामुळे दोनशे फुटांवर आटलेल्या बोअरच्या शेजारी सहाशे फूट खोल गेले की पाणी लागेलच, असे मानायला आधार नाही. लागलेच, तर ते बहुधा शेजारच्या वसाहतीच्या बोअरला पुरवणाऱ्या भेगेतलेच असेल, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत दोघांच्याही मोटारी कोरड्या फिरतील.

शिवाय खोलीला वीज लागते. एक हजार लिटर पाणी सहाशे फुटांवरून वर आणायला, पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली, तर साधारण एक युनिट खर्च होते. म्हणजे पाण्याची उधळपट्टी ही विजेचीही उधळपट्टी ठरते, आणि ते बिल देखभाल वर्गणीतून आपणच भरतो.

आता हिशेब. आपल्या ४८ घरांत सरासरी चार माणसे आणि माणशी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण धरले, तर आपल्याला रोज सुमारे २६ हजार लिटर पाणी लागते. तिन्ही इमारतींची गच्ची मिळून अंदाजे एक हजार चौरस मीटर भरते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला आणि वीस टक्के पाणी वाया गेले असे मानले, तरी ५ लाख ६० हजार लिटर हाती राहते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आपल्या शहरात आली, तेव्हा तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून आलेल्या त्या पाण्याचे आपण स्वागत केले, आणि त्याहून अधिक पाणी आपल्याच गच्चीवरून दरवर्षी पन्हाळीवाटे गटारात सोडून देतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मात्र गच्चीवरचे हे पाणी जमिनीत मुरवून, म्हणजे पुनर्भरणाने, सगळे भागेल असेही मी म्हणणार नाही. ५ लाख ६० हजार लिटर म्हणजे आपली तीन आठवड्यांची गरज. याउलट रोजचा वापर एक चतुर्थांशाने कमी झाला, तर वर्षाला सुमारे २३ लाख ६५ हजार लिटर वाचतात, म्हणजे गच्चीवरच्या पाण्याच्या चौपटीहून अधिक. म्हणून माझा पहिला आग्रह प्रत्येक घराला पाण्याचा मीटर बसवण्याचा आहे. आज एकट्या राहणाऱ्या आजी आणि सहा माणसांचे, दोन मोटारी रोज धुणारे घर सारखीच वर्गणी भरतात. जो जपून वापरतो त्याला काहीच मिळत नाही आणि जो सांडतो त्याला काहीच भरावे लागत नाही, अशी व्यवस्था असेल तर बचतीची कितीही आवाहने केली तरी ती फलकावरच राहतील.

क-१०१
सर, आपला हिशेब पटतो, पण एक शंका आहे. आपल्या भागातले बहुतेक पाणी शेतीला आणि त्यातही उसाला जाते. आपण इथे बादल्या मोजल्याने मांजरा धरण भरणार आहे का? हा प्रश्न मी टाळाटाळ म्हणून नव्हे, खरोखर विचारतो आहे.

ब-३०४
काका, आपला प्रश्न रास्त आहे. उसाच्या पिकाला हंगामभरात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते आणि आपला पाऊस त्याच्या निम्माही नाही. तेव्हा ऊस ठिबकवर नेणे, आणि कडधान्ये व तेलबियांना असा भाव मिळणे की शेतकऱ्याला उसाखेरीज दुसरा आधार वाटावा, ही या प्रदेशाची मोठी गरज आहे. त्याला ऊस लावण्याबद्दल दोष देणे मला मान्य नाही. खात्रीने पैसे देणारे पीक तो निवडतो. परंतु रविवारी आपण ज्यावर हात वर करणार आहोत तो निर्णय उसाचा नसून आपल्या पायाखालच्या भेगांचा आहे. तिथले पाणी आपण आणि आजूबाजूच्या चार वसाहतीच उपसतो.

अ-४०२
भाऊ, मीटर बसेपर्यंत घरात काय करता येईल? आमच्या आरओ यंत्रातून बरेच पाणी वाया जाते.

ब-३०४
ताई, घरगुती आरओ साधारणपणे एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर पाणी बाहेर टाकते. ते पाणी टिपाडात धरून फरशी पुसायला आणि शौचालयात वापरावे. कुंड्यांना मात्र रोज घालू नये, कारण त्यात क्षार जास्त असतात. जुन्या फ्लशच्या टाकीत वाळूने भरलेली एक लिटरची बाटली ठेवली, तर प्रत्येक वेळी एक लिटर वाचते. घरात दिवसाला वीस वेळा फ्लश होत असेल, तर ४८ घरांत मिळून रोज ९६० लिटर होतात. यासाठी कोणत्याही ठरावाची गरज नाही.

क-१०१
मग आटलेल्या बोअरमध्येच गच्चीचे पाणी सोडता येईल का?

ब-३०४
होय, परंतु थेट नाही. पहिल्या एक-दोन पावसांचे धुळीचे पाणी बाहेर काढून द्यावे लागेल आणि नंतरचे पाणी दगड, खडी, वाळू अशा थरांच्या खड्ड्यातून गाळून मगच आत जाईल. धुण्या-भांड्याचे सांडपाणी तिकडे वळता कामा नये. एकदा भूजल बिघडले की ते सुधारणे आपल्या हातात राहत नाही.

सचिव (अ-२०३)
सर्वांचे आभार. मी सभेपुढे दुरुस्ती अशी मांडतो: चौथ्या बोअरचा निर्णय पुढील जूनपर्यंत स्थगित ठेवावा, तिच्यासाठी राखलेल्या रकमेतून आधी घरोघरी मीटर आणि नंतर दोन्ही कोरड्या बोअरचे पुनर्भरण करावे, आणि मीटरचे आकडे दर महिन्याला या ग्रुपवर द्यावेत. ब-३०४ यांनी शनिवारी सकाळी माझ्यासोबत गच्चीचा उतार आणि पन्हाळींचे तोंड पाहावे, म्हणजे प्लंबरला खड्ड्याची जागा त्याच दिवशी दाखवता येईल.