गाडीच्या फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) भोक न पाडता फॉगलॅम्पची वायर आत कशी आणावी?

प्रश्न: गगनबावड्याच्या घाटातील धुक्यासाठी ५५ वॅटचे दोन फॉगलॅम्प बसवायचे आहेत, परंतु कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कारागीर स्विचच्या वायरसाठी फायरवॉलला भोक पाडायला सांगतात, ते मनाला पटत नाही.

उत्तर १: भोक मुळीच पाडू नका. मूळ वायरिंग ज्या रबरी ग्रोमेटमधून (पत्र्याच्या भोकात बसवलेल्या रबरी कडीतून) आत येते, त्याच्या मोकळ्या कडेला बारीक छिद्र करा, गुळगुळीत टोकाच्या तारेला वायर टेपने बांधून हळूच ओढा. ग्रोमेट पुढे बदलता येतो.

उत्तर २: लॅम्पचा सुमारे ९ अँपिअर प्रवाह केबिनमध्ये आणूच नका. रिले (स्विचच्या लहान प्रवाहावर लॅम्पचा मोठा प्रवाह चालू-बंद करणारा भाग) इंजिनच्या बाजूला, १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीलगत ठेवा. ग्रोमेटपूर्वी वायरला खाली झोळ द्यावा, म्हणजे आपल्याकडच्या पावसाचे पाणी तिथेच ठिबकेल.