खिशात मावणारा पातळ फोल्डिंग चाकू सुचवा, जरा लवकर

पंचगंगेकाठी
नमस्कार मंडळी. रोज खिशात ठेवायला फोल्डिंगचा चाकू पायजे. पातळ पायजे, म्हणजे पॅंटच्या खिशात मोबाईलच्या शेजारी गुपचूप राहिला पायजे, फुगवटा दिसता कामा नये. आधीचा ऑनलाईन घेतलेला, तो जाड होता, बंद करताना कायम वैताग द्यायचा, वर स्क्रू ढिला होऊन पातं डुगडुगायला लागलं, शेवटी दिला टाकून. बारा कामं करणारा नको, त्यातलं एकबी काम धड होत नाही. महाग नको. इथं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत विचारून आलो, सगळे स्वयंपाकाची सुरी नायतर कटर पुढं करतात. कुणी वापरत असेल तर नाव सांगा, लेक्चर नको. दोन दिवसात घ्यायचाय.

सह्यवेडा
ओपिनेल नंबर ८. विषय संपला. फ्रान्सचा आहे, १८९० पासून बनतोय, बीच लाकडाची मूठ, साडेआठ सेंटिमीटर पातं, मानेवरची लोखंडी कडी फिरवली की लॉक. वजन खिशात कळत पण नाही. पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, सगळीकडं माझ्यासोबत असतो, काकडी काय, दोरी काय, सटासट.

उद्यमनगरचा गडी
कापायचं काय हाय ते तरी सांग की भावा. फळं, पुठ्ठा, रबर, दोरी, सगळ्याला एकच पातं चालत नाय. आणि महाग नको म्हणजे किती, तीनशे का तीन हजार?

पंचगंगेकाठी
रोजच्या वापराला असं लिहिलंय की वर. समोर येईल ते कापायचं. बजेट आठशे, फार ताणलं तर हजार.

साधा माणूस
असलं काही खिशात घेऊन फिरू नका. तीन इंचापेक्षा मोठं पातं बेकायदेशीर आहे. नाक्यावर अडवलं की बसा मग ठाण्यात.

कोर्टाची पायरी
साधा माणूस, अर्धवट माहिती देऊन घाबरवू नका लोकांना. ते तीन इंचाचं, म्हणजे ७.६२ सेंटिमीटरचं प्रकरण दिल्लीचं आहे, १९८० ची अधिसूचना, आणि ती बटणाच्या, स्प्रिंगनं उघडणाऱ्या, गरारीच्या (दातेरी खटक्याच्या) चाकूंबद्दल आहे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम बघितले तर परवान्याचा प्रश्न येतो तो नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पात्याला, त्यातूनही घरगुती, शेतीची, कारखान्याची हत्यारं वगळलेली आहेत. आता खरी मेख. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(१), याखाली आपल्या जिल्ह्यात वरचेवर मनाई आदेश निघतात, सणवार, निवडणूक, आंदोलन काहीही निमित्त असो. त्यात तलवारी, भाल्यांबरोबर सुरे पण येतात. तेव्हा आदेश चालू असताना चाकू दुकानात नायतर घरात ठेवायचा, आणि बटण दाबून उघडणारा तर कधीच घ्यायचा नाही, त्याच्याकडं बघायची पोलिसांची नजरच वेगळी असते.

पंचगंगेकाठी
बरं झालं सांगितलं, पण नाव?

उद्यमनगरचा गडी
विकत घ्यायचाच कशाला. इकडं कुठल्याबी वर्कशॉपात पॉवर हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या मशीन-करवतीचं तुटकं ब्लेड मिळतंय, एचएसएस (हाय स्पीड स्टील) असतंय, ग्राइंडरवर घासून आकार द्यायचा, मुठीला दोन लाकडी पट्ट्या रिव्हेट मारून बसवायच्या. जाडी दोन मिलीमीटरच्या आत. माझ्याकडचा कॉलेजला होतो तेव्हाचा हाय, धार अजून जाग्यावर. ग्राइंडरवर लाल झाला तरी एचएसएसचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरत नाय, हे बाजारातल्या कुठल्या चाकूला जमंल?

ओतकाम
गडी, तुमचं पॉवर हॅक्सॉचं खरं आहे, पण वाचून कुणीतरी हातानं मारायच्या करवतीचं ब्लेड घासत बसेल. ती बरीचशी बायमेटल असतात, एचएसएस फक्त दातांच्या कडेला, पाठ मऊ स्प्रिंग स्टीलची. दात घासून टाकले की राहिलं काय, पत्रा. आणि अख्खं एचएसएस असलं तर ते ठिसूळ, डब्याचं झाकण उचकटायला घातलं की टाचकन तुटतंय, तुकडा डोळ्यात.

उद्यमनगरचा गडी
चाकूनं झाकण उचकटणाऱ्याला चाकूच देऊ नये.

सह्यवेडा
आणि हा फोल्ड कुठून होणार? धाग्याचं नाव तरी वाचा.

मावशी ऑनलाईन
विषय निघालाच आहे तर विचारते, आमच्याकडं सासऱ्यांचा जुना अडकित्ता आहे, पितळी मुठींचा, मोरांची जोडी आहे त्यावर. पात्याला गंज धरलाय आणि सुपारी कातरताना चुरा होतो. धार लावणारे सायकलवाले आता गल्लीत येत नाहीत. कुठं द्यावा?

ओतकाम
मावशी, रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी बारीक पॉलिश पेपर. धार घरीच लावा, हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो, एक खरबरीत एक गुळगुळीत. कोरड्या ग्राइंडरवर कुणाला देऊ नका, कड निळी पडली की संपलं, मग कितीही घासा धार टिकत नाही. शेवटी चप्पलवाल्याकडनं चामड्याचा तुकडा आणून त्यावर उलट्या दिशेनं ओढा, बघा सुपारी कशी कातरते ती.

पंचगंगेकाठी
मावशी, अडकित्त्याचा वेगळा धागा काढा की, माझं राहिलंच बाजूला. मी ऑनलाईन एक बघितलाय, पातळ आहे, बजेटमध्ये आहे, क्लिप पण आहे, लायनर लॉक लिहिलंय. आधीचा पण लायनर लॉकच होता. तो डाव्या हातानं बंद करायची काही युक्ती असते का, का सगळेच असले?

ओतकाम
थांबा. तुम्ही डावखुरे आहात?

पंचगंगेकाठी
होय, त्याचा काय संबंध?

ओतकाम
अहो सगळा संबंध तिथंच आहे. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पत्र्याची जीभ पात्याच्या बुडाला टेकते, ती उजव्या हाताच्या अंगठ्यानं बाजूला सरकवायची अशी मांडणी असते. डाव्या हातात तीच जीभ पहिल्या बोटाकडं येते, म्हणून तुमचा वैताग. क्लिप पण उजव्या खिशाच्या हिशोबानं. बघितलाय तो अजिबात मागवू नका. तुम्हाला एकतर मुठीच्या पाठीवर दाबायचा लॉक पायजे, नायतर लॉकच नसलेला, नुसत्या स्प्रिंगवर अडणारा.

सह्यवेडा
नायतर कडी फिरवायची, म्हणजे ओपिनेल. ती कुठल्याही हातानं फिरते. डावखुऱ्यांसाठी नखाची खाच उलट्या बाजूला दिलेला नंबर ८ सुद्धा येतो.

दोन नंबर गेट
ओपिनेलची मूठ गोल आहे हो, त्यांना पातळ पायजे. ८ नंबर खिशात म्हणजे खडू ठेवल्यासारखा, उठून दिसणार. आणि पावसाळ्यात आपल्याकडं ते लाकूड फुगतं, पातं आत आवळून बसतं, नख तुटतं पण उघडत नाही.

सह्यवेडा
मुठीचं बूड टेबलावर हळूच आपटायचं, टोक बाहेर येतं, तिकडचे लोक पण तसंच करतात. मी जवसाचं तेल पाजलंय, तेव्हापासून त्रास नाही. तुम्ही वापरलाय का कधी?

दोन नंबर गेट
वापरला, म्हणूनच सांगतोय. पातळच पायजे तर व्हिक्टोरिनॉक्सचा कॅडेट. मिटल्यावर ८४ मिलीमीटर, ॲल्युमिनियमची चपटी मूठ, लॉक नाही, डाव्या हाताला अडचण नाही.

सह्यवेडा
आणि हजारात येतो तो?

दोन नंबर गेट
एकदाच घ्यायचा, पोराला पण पुरतो.

उद्यमनगरचा गडी
म्हणजे नाय येत.

पंचगंगेकाठी
क्लिप तशीही नको, बाहेरनं दिसते. सकाळी दुकान उघडायच्या आधी अंबाबाईला जातो, दारात चेकिंग असतं, मागचा चाकू तिथं दोनदा काढून ठेवायला लावला, म्हणून तर पातळ म्हणतोय.

कोर्टाची पायरी
पातळ असला म्हणून मेटल डिटेक्टर गप्प बसत नाही. आणि लपवलेला सापडला तर दाखवलेल्यापेक्षा वाईट दिसतं. गाडीच्या डिकीत ठेवून आत जा.

ओतकाम
दुकान कसलं आहे ते पण सांगून टाका एकदाचं.

पंचगंगेकाठी
स्पेअर पार्ट. दिवसभर खोकी फोडायची, टेप आणि ती प्लास्टिकची पट्टी. आत ऑइल सील, फॅन बेल्ट, गॅस्केट असतात, टोक जरा खोल गेलं की माल वाया. दुपारी पेरू नायतर काकडी, तेवढंच.

ओतकाम
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर हॅक्सॉ, दिल्ली, काहीच झालं नसतं. दुकानाला ९ मिलीमीटर पात्याचा, बोथट झालं की पात्याचा तुकडा मोडायचा असतो तसला कटर घ्या, धातूच्या अंगाचा, आपोआप अडकणारा. ज्याचा सरकवायचा खटका काढून उलटा घालता येतो असा शोधा, डाव्या हाताला बरा. पातं एकच खाच बाहेर काढायचं, म्हणजे पुठ्ठा फाटतो, माल वाचतो. टेपचा डिंक बसला की खोबरेल तेलाचा बोळा फिरवा, सुटतो. पट्टीला मात्र कटर नको, पट्टी ताणलेली असते, तुटली की तोंडावर येते, तिला जुनी कात्री ठेवा आणि तोंड बाजूला. कटर दुकानातच राहू दे, म्हणजे देवळाचा प्रश्नच नाही.

पंचगंगेकाठी
लक्ष्मीपुरीवाल्यानं पण कटरच दाखवलेला की.

उद्यमनगरचा गडी
😂😂

पंचगंगेकाठी
हसू नका. पेरूला कटर घालू का आता, डिंक लागलेला? खायला एक छोटा पायजेच. ओपिनेलचा लहान नंबर येतो का, बजेट थोडं वाढवतो.

सह्यवेडा
६ नंबर घ्या, सात सेंटिमीटरच्या आसपास पातं, मूठ पण बारीक होते. कार्बन स्टीलचा घ्या, धार बघत राहाल.

दोन नंबर गेट
कार्बनचा अजिबात नको. पेरू, लिंबू लागलं की काळा पडतो, जुलैत गंजतो. स्टेनलेस घ्या.

सह्यवेडा
पुसून ठेवला तर काही होत नाही.

दोन नंबर गेट
दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना कोण पुसत बसतंय?

पंचगंगेकाठी
६ नंबर स्टेनलेस मागवतोय. कटर आत्ता संध्याकाळी घेतो. खटका उलटा घालता येणारा कुठल्या दुकानात मिळेल तेवढं सांगा, आठला बंद करतात सगळे.

मावशी ऑनलाईन
रॉकेल आता मिळतं कुठं पण?