मदत हवी आहे: बाल्साच्या पंखावर रेशीम चढवावे की पॉलिएस्टर?

नमस्कार. मी नागपूरचा. दीड मीटर पंखविस्ताराचे, विजेच्या मोटरवर उडणारे बाल्साचे (हलक्या लाकडाचे) मॉडेल विमान बांधतो आहे. सांगाडा घासून तयार आहे आणि आता तो मढवायचा आहे. प्लास्टिकची फिल्म मला नको आहे, कारण मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या पंखावर तिची काय अवस्था होते हे नागपूरकरांना सांगायला नको. शिवाय फासळ्यांमधल्या मोकळ्या चौकटींना कापडाने जो चिवटपणा येतो, तो फिल्मने येत नाही.

पंखाची सरासरी रुंदी २५ सेंटिमीटर असल्यामुळे दोन्ही बाजू मिळून पाऊण चौरस मीटर कापड लागेल. पाच मॉमीचे (मॉमी म्हणजे रेशमाच्या वजनाचे माप) रेशीम चौरस मीटरला सुमारे २२ ग्रॅम भरते, म्हणजे पंखाला १६-१७ ग्रॅम. गांधीबागेतून आणलेले पॉलिएस्टरचे अस्तर मी वजन करून पाहिले, तर ते चौरस मीटरला ६० ग्रॅमच्या आसपास निघाले, म्हणजे पंखाला ४५ ग्रॅम. आपल्याकडचा कोसा दिसायला देखणा असला तरी या कामासाठी जाडच पडतो, म्हणून तो विचारातून वगळला आहे.

खरी अडचण वजनाची नाही, ताणाची आहे. पॉलिएस्टर इस्त्रीच्या उष्णतेने आकसते असे आपण म्हणतो. पण बाजारातले अस्तर बहुधा गिरणीतच उष्णता देऊन स्थिर केलेले असते, त्यामुळे भरतकामाच्या रिंगवर चिकटवून इस्त्री फिरवली तरी ते नावापुरतेच ताणले गेले. विमानांसाठीचे, स्थिर न केलेले कापड वेगळे असते हे मला ठाऊक आहे. नागपुरात किंवा निदान मुंबई-पुण्याकडे असे हलके कापड मीटरवर कुठे मिळते का?

रेशीम घ्यायचे ठरले तर ते ओले करून, ताण्याचे धागे पंखाच्या लांबीला समांतर ठेवून चढवायचे आणि वाळल्यावर पातळ डोपचे (कापड ताणून त्याची छिद्रे बुजवणाऱ्या रोगणाचे) हात द्यायचे, हा क्रम मला माहीत आहे. पंखाचा तळ सपाट आहे, त्यामुळे खोलगट तळावर प्रत्येक फासळीला कापड आधी चिकटवण्याची कटकट नाही. मोटर विजेची असल्याने इंधनाला दाद न देणारा ब्युटिरेट डोपही लागणार नाही, नायट्रेट पुरेल. मात्र सध्याच्या पावसाळी हवेत द्रावक झपाट्याने उडून पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतले बाष्प बसते आणि डोप पांढरट पडतो. रिटार्डर (द्रावक सावकाश उडावा म्हणून घालायचे द्रव्य) घालून आत्ताच काम करावे की दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेची वाट पाहावी?

डोपऐवजी फर्निचरचे एनसी लॅकर वापरावे, असे एका परिचिताने सुचवले. दोन्हींचा पाया नायट्रोसेल्युलोजचाच असला तरी लॅकर लवचीक राहावे म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर जास्त घालतात, त्यामुळे ते कापडाला पुरेसे ताणेल असे मला वाटत नाही. कोणी प्रत्यक्ष वापरले असल्यास जरूर लिहावे.

शेवटचे म्हणजे डोप आकसताना पंखाला येणाऱ्या पिळाबद्दल. मागची कड जेमतेम तीन मिलिमीटर जाड आहे आणि टोकाला दोन अंशांचा वॉशआउट (टोकाचा कोन मुळापेक्षा कमी राहील असा मुद्दाम दिलेला पीळ) ठेवायचा आहे. डोपच्या प्रत्येक हातानंतर पंख ठोकळ्यांवर टाचण्यांनी जखडून रात्रभर ठेवावा लागतो, की पहिल्या दोन हातांपुरतेच ते पुरते? आणि दोन्ही बाजूंना एकाच दिवशी हात द्यावा का?